मूलपेशींपासून केलेले उपचार आणि त्यांचा उगम : घ्यावेत की नाकारावेत?

केतकी_स

एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सनवरच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष 'नेचर'मध्ये एकदमच आले. दोन्हींत मेंदूच्या पुटामेन या भागात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, बारीक सुईने पेशी सोडल्या होत्या. या पेशी पुढे वाढून डोपामिन, म्हणजे पार्किन्सनमध्ये कमी पडणारं रसायन, तयार करतात. एका चाचणीत १२ रुग्ण, दुसरीत ७. दोन्ही मुख्यतः सुरक्षितता तपासण्यासाठी होत्या.

फरक आहे तो पेशी आल्या कुठून यात. पहिल्या चाचणीतल्या पेशी एच९ या सेल लाइनच्या (एकदा काढून प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी म्हणजे लाइन), म्हणजे १९९८ साली मानवी भ्रूणापासून काढलेल्या. दुसरी चाचणी जपानमधल्या क्योतोची. तिथे एका निरोगी दात्याच्या प्रौढ पेशी मागे, म्हणजे पुन्हा भ्रूणपेशींसारख्या अवस्थेत नेऊन केलेल्या आयपीएस पेशी वापरल्या.

भ्रूण नष्ट करणं चूक आहे असं मनापासून मानणाऱ्या रुग्णाने पहिला उपचार घ्यावा का? उपचार घेणं आणि त्यामागचं मूळ कृत्य मान्य करणं या गोष्टी वेगळ्या ठेवता येतात का? 'विज्ञान पुढे जाणारच' किंवा 'निसर्गात ढवळाढवळ नको' एवढ्यावर थांबू नका, कारणांसकट लिहा.

सूक्ष्मदर्शी

आधी एक विभागणी करून घेऊ, नाहीतर चर्चा भरकटेल. मूलपेशी म्हटलं की भ्रूण, असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वापरात असलेला मूलपेशी उपचार म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींचं प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो. डॉनल टॉमस यांनी १९५७ मध्ये सुरुवात केली, १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता बहुतेक वेळा हाडात सुई घालावी लागत नाही. दात्याला साधारण पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात, पेशी मज्जेतून रक्तात उतरतात आणि यंत्रावर चार-पाच तासांत वेगळ्या करता येतात. इथे भ्रूणाचा संबंध नाही.

भ्रूणपेशींचं काम असं चालतं. आयव्हीएफमधला, म्हणजे शरीराबाहेर फलन करून तयार केलेला पाच-सहा दिवसांचा भ्रूण घेतात. त्यात शे-दोनशे पेशी असतात. बाहेरचं आवरण पुढे वार होणार असतं, आतला छोटा पुंजका पुढे शरीर होणार असतो. आवरण काढून पुंजका पोषक थरावर ठेवतात. याच पायरीला भ्रूण संपतो. सगळा नैतिक वाद या एका पायरीभोवती आहे. त्यानंतर पेशी दर चार-सात दिवसांनी विभागून नव्या थाळ्यांत घालायच्या, एवढंच. जेम्स थॉमसन यांच्या १९९८ च्या कामात असे १४ पुंजके वेगळे केले होते आणि त्यांतून ५ लाइन तयार झाल्या. एच९ त्यांतलीच एक. पंचवीसहून अधिक वर्षं ती वाढतेय, त्यासाठी नवा भ्रूण लागलेला नाही.

म्हणजे आज एच९पासून केलेला उपचार घेणारा रुग्ण नव्या भ्रूणाच्या नाशाला कारण होत नाही. माझ्या मते याचं वजन मोठं आहे.

मुक्तछंद

सूक्ष्मदर्शी, पायऱ्या नीट मांडल्यात. पण शेवटच्या निष्कर्षाशी असहमत.

'जे झालं ते झालं, आता नवं काही होत नाही' हे एका लाइनपुरतं खरं असेल, क्षेत्रापुरतं नाही. जुन्या लाइन उंदरांच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या होत्या. २००५ मध्ये दिसलं की या मानवी पेशी माध्यमातून प्राण्यांचा एक शर्करा-रेणू उचलतात आणि माणसाच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात. मग प्राणिज घटकांशिवाय, औषधाच्या दर्जाच्या नव्या लाइन काढण्याची मागणी आली आणि त्या काढल्याही गेल्या, नव्या भ्रूणांपासून.

दुसरा दाखला जर्मनीचा. तिथे भ्रूणपेशींच्या लाइन काढायला १९९० च्या कायद्यानेच बंदी होती; २००२ च्या कायद्याने त्या परदेशातून आणायलाही बंदी घातली, पण १ जानेवारी २००२ पूर्वी काढलेल्या लाइन संशोधनासाठी आणायला परवानगी ठेवली. हेतू हाच की आपल्या मागणीमुळे कुणी नवा भ्रूण नष्ट करू नये. २००८ मध्ये ती तारीख पुढे सरकवून १ मे २००७ केली, कारण जुन्या लाइन अपुऱ्या पडत होत्या. ती एकदाच सरकली हे मान्य. पण मागणीच्या जोरावर सरकू शकते हे दिसलंच ना? 'फक्त जुन्याच वापरू' हे वचन पाळणं अवघड आहे.

पाऊलवाट

मग आयपीएस घ्यावं. तीच परिणामकारकता, भ्रूण नाही. वाद उरतो कुठे?

गार्गी७

@मुक्तछंद, जर्मनीचा दाखला चपखल आहे. पण त्याला एक उलटी बाजूही आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००१ मध्ये ठरलं की सरकारी पैसा फक्त त्या दिवसापर्यंत अस्तित्वात असलेल्या लाइनवर वापरायचा. कागदावर साठच्या वर लाइन होत्या, प्रत्यक्षात सुमारे २१ हाती आल्या. मार्च २००९ मध्ये ते बंधन उठलं. तरीही केतकींनी सांगितलेल्या चाचणीत वापरली गेली ती १९९८ चीच. एखाद्या लाइनवर जितकं जास्त काम होतं, तितकी तिची माहिती साठते आणि तितकी ती सोडून नवी घेणं महाग पडतं. मागणीने नव्या लाइन येतात हे खरं, मागणी जुन्याच लाइनवर एकवटते हेही खरं. म्हणून समोर आलेला उपचार नेमका कोणत्या लाइनचा, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

सूक्ष्मदर्शी

@पाऊलवाट, आयपीएसने बराच प्रश्न सुटतो, पण सगळा नाही.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशी चार जनुकं घालून मागे नेल्या : ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक. यातलं सी-मिक कर्करोगाशी जोडलेलं जनुक आहे. सुरुवातीला ही जनुकं रेट्रोव्हायरसने आत घालत. तो पेशीच्या डीएनएत कुठेही घुसतो, त्यामुळे धोका वाढतो. म्हणून आता डीएनएत न घुसणारी साधनं वापरतात, उदाहरणार्थ सेंडाय विषाणू किंवा वर्तुळाकार प्लास्मिड.

उगमाच्या शुद्धतेचं म्हणाल तर, त्या पहिल्या प्रयोगांतला रेट्रोव्हायरस प्लॅट-ई नावाच्या पेशींत तयार केला होता. प्लॅट-ई आली २९३टी पासून आणि तिचं मूळ एचईके२९३, म्हणजे १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून केलेली लाइन. शिवाय आयपीएस पेशी 'पुरेशा' मूलपेशी झाल्या की नाही हे ठरवायला मोजपट्टी होती ती भ्रूणपेशींची. मूळ कृत्याशी जराही संबंध नको असेल, तर आयपीएसही सुटत नाही. संबंध किती दूरचा चालेल, हे ठरवावंच लागतं.

सुरक्षिततेचंही बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध महिलेच्या त्वचेपासून आयपीएस करून रेटिनाखालचा पेशींचा थर तिच्या डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले, तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी काम थांबवलं. यात भ्रूणपेशीही मागे नाहीत, काही लाइनमध्ये पी५३ या गाठी रोखणाऱ्या जनुकातच बिघाड सापडले. थाळीत वर्षानुवर्षं वाढवताना जी पेशी जास्त वेगाने विभागते ती बाकीच्यांना मागे टाकते. दोन्ही प्रकारांत हे होतं.

अश्विनी_द

संबंध किती दूरचा, यावर नीतिशास्त्रात बरंच काम झालंय आणि ते मूलपेशींच्या आधी लशींवरून सुरू झालं. डब्ल्यूआय-३८ ही लाइन १९६२ ची आणि एमआरसी-५ ही १९६६ ची, दोन्ही गर्भपातातल्या गर्भाच्या फुप्फुसापासून. रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस ए यांच्या लशींचे विषाणू अशा पेशींत वाढवले जातात. व्हॅटिकनने २००५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२० मध्ये यावर भूमिका मांडली : दुसरा पर्याय नसेल तर लस घेणं पाप नाही, कारण घेणारा मूळ कृत्यापासून फार दूर आहे. मात्र पर्याय मागत राहणं त्याचं कर्तव्य आहे. ज्यांना भ्रूण हा पूर्ण मनुष्य वाटतो त्यांच्याच परंपरेतून आलेली ही भूमिका आहे, म्हणून तिला वजन.

पण हा युक्तिवाद मूलपेशींना जसाच्या तसा लागू होत नाही. लशीत त्या पेशी विषाणू वाढवायची जागा असतात, त्या आपल्या शरीरात राहायला येत नाहीत. मेंदूत सोडलेल्या एच९च्या पेशी मात्र त्या भ्रूणाच्याच वंशज आहेत. त्याच्याच डीएनएसह त्या रुग्णात जगतात, काम करतात. मूळ कृत्याशी नातं जास्त जवळचं आहे. मला स्वतःला उपचार घेणं समर्थनीय वाटतं, पण लशीचा दाखला देऊन विषय संपवणाऱ्यांनी हा फरक झाकू नये.

पाऊलवाट

सूक्ष्मदर्शी, अश्विनी, दोन्ही प्रतिसाद उत्तम. एचईके२९३चा धागा माहीत नव्हता.

निरंजन_व

एक बाजू राहिलीये : ज्यांचे भ्रूण होते त्यांची संमती. आयव्हीएफमध्ये उरलेले भ्रूण उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. जोडप्यापुढे पर्याय असतात : साठवत राहणं, दुसऱ्या जोडप्याला देणं, नष्ट करणं किंवा संशोधनाला देणं. यातला शेवटचा पर्याय नैतिक ठरायला काही गोष्टी लागतात. संशोधनाची परवानगी उपचाराच्या परवानगीपासून वेगळ्या वेळी, वेगळ्या कागदावर घ्यायची. विचारणारी व्यक्ती त्यांची उपचार करणारी डॉक्टर नसावी, नाहीतर जोडप्याला नकार देणं जड जातं. पेशी काढेपर्यंत माघार घेता येईल आणि त्यानंतर येणार नाही, हे स्पष्ट सांगायचं. लाइन कायम टिकेल, तिच्यातून कुणी पैसे कमवेल, त्यातला वाटा दात्यांना मिळणार नाही आणि त्यांची जनुकीय माहिती त्या पेशींत राहील, हेही सांगायचं. बीजांड किंवा शुक्राणू तिसऱ्या व्यक्तीचे असतील तर तिचीही संमती लागते, हे हमखास सुटतं. डब्ल्यूआय-३८ च्या वेळी त्या आईला विचारलंच नव्हतं, हा त्या लाइनवरचा डाग आजही पुसलेला नाही.

बीजांडांच्या बाबतीत काय होऊ शकतं ते दक्षिण कोरियात दिसलं. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांपासून मूलपेशी काढल्याचा दावा करणारे ह्वांग वू-सुक यांचे २००४ आणि २००५ चे शोधनिबंध बनावट ठरून जानेवारी २००६ मध्ये मागे घेतले गेले. त्यासाठी दोन हजारांहून अधिक बीजांडं वापरली होती, काही पैसे देऊन मिळवलेली, काही त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रियांची. बीजांडं काढताना दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांमुळे अंडाशय सुजून पोटात पाणी साचू शकतं, क्वचित जिवावरही बेततं. भ्रूणाच्या हक्कांवर भांडताना त्या स्त्रियांचा हक्क चर्चेत फार उशिरा आला, ही माझी मोठी तक्रार आहे.

मुक्तछंद

निरंजन, स्त्रियांबद्दलच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत.

पण उरलेल्या भ्रूणांबद्दल 'ते टाकूनच देणार होते' हे जे समर्थन नेहमी दिलं जातं, ते मला पटत नाही. कुणी मरणार आहे म्हणून त्याला वापरायची मोकळीक मिळत नाही. आणि उरलेले भ्रूण आपोआप उरत नाहीत, जास्त तयार करायचं ठरवलं म्हणून उरतात.

अश्विनी_द

@मुक्तछंद, तुमचा युक्तिवाद भ्रूण हा 'कुणी' आहे हे गृहीत धरून चालतो, आणि वाद तिथेच आहे. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये भ्रूणावरच्या संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली, १९९० मध्ये ती कायद्यात आली. सुमारे चौदाव्या दिवशी भ्रूणात शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ उमटते. त्याआधी एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. दोन व्यक्ती होऊ शकणाऱ्या पुंजक्याला आधीच एक व्यक्ती कसं म्हणायचं, हा प्रश्न मला निर्णायक वाटतो. तुम्हाला वाटत नसेल, तर तो मतभेद प्रामाणिक आहे.

रानवाट

थोडं अवांतर, पण संबंध आहे. भ्रूणाचा प्रश्न फक्त भ्रूणपेशींच्या उपचारात येतो असं वर गृहीत धरलंय. तसं नाही.

आजारी मुलाला बोन मॅरो हवा आहे आणि जुळणारा दाता नाही. आईवडील आयव्हीएफ करून असं भावंड जन्माला घालतात की ज्याचं एचएलए, म्हणजे शरीर परकी पेशी ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा, जुळतील. सख्ख्या भावंडाचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आजार थॅलेसेमियासारखा अप्रभावी, म्हणजे आईवडील दोघांकडूनही दोष आला तरच होणारा असेल, तर भ्रूण त्या आजारातून सुटण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही एकत्र धरली तर सोळात तीन. म्हणजे तपासलेल्या सोळा भ्रूणांतले सरासरी तेरा बाजूला पडतात. उपचार 'प्रौढ' मूलपेशींचा, भ्रूणाचा वाद नसलेला, आणि तरीही त्यामागे तेरा भ्रूण.

नाळेतल्या रक्ताचंही तसंच. पॅरिसमध्ये १९८८ मध्ये फॅन्कोनी अॅनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं आणि तो मार्ग खरा ठरला. पण स्वतःच्या बाळासाठी खासगी साठवण विकताना जे सांगतात त्यात खोट आहे. बाळाला पुढे जनुकीय रक्तदोष निघाला तर तोच दोष साठवलेल्या रक्तात असतो. बालपणीच्या ल्युकेमियातही पूर्वखुणा जन्मतः रक्तात असू शकतात. मात्राही पुरत नाही. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी पेशी धरतात. ६० किलोच्या माणसाला दीडशे कोटी लागतील, तेवढ्या एका पिशवीत क्वचितच असतात. शिवाय जास्त रक्त जमावं म्हणून नाळ घाईने चिमटली, तर बाळाचंच रक्त कमी पडतं. निदान ३० ते ६० सेकंद थांबायला हवं. सार्वजनिक बँकेला दिलेली पिशवी कुणाच्याही कामी येऊ शकते, नैतिकदृष्ट्या तो मार्ग मला सरळ वाटतो.

गार्गी७

रानवाट, सोळातल्या तीनचं गणित महत्त्वाचं आहे.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. रुग्णांचं सर्वांत जास्त नुकसान आज भ्रूणाशी संबंध नसलेल्या, सिद्ध न झालेल्या उपचारांत होतंय. 'तुमच्याच चरबीतल्या मूलपेशी, म्हणून सुरक्षित', हे त्यांचं वाक्य. प्रक्रिया अशी : पोटाची चरबी शोषून घ्यायची, कोलॅजिनेज या विकराने पातळ करायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ घ्यायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. त्या गाळात मूलपेशी थोड्या. रक्तपेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी, तंतू तयार करणाऱ्या पेशी आणि उरलेलं विकरही त्यात असू शकतं.

फ्लोरिडात तीन महिलांच्या डोळ्यांत असा गाळ टोचला, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. रेटिना सुटल्या, रक्तस्राव झाला. तिघींची दृष्टी कायमची गेली किंवा कायद्याने अंध ठरण्याइतकीच उरली. २०१७ मध्ये ही प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चाचणीत दोन्ही डोळ्यांवर एकदम प्रयोग करणं हीच धोक्याची खूण आहे. तो उपचार सरकारी चाचणी-नोंदवहीत दिसत होता. तिथली नोंद म्हणजे मान्यता नव्हे, हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

आणि २००९ मधलं प्रकरण. अॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा आनुवंशिक विकार असलेल्या एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भाच्या चेतासंस्थेतल्या मूलपेशींची इंजेक्शनं दिली होती. काही वर्षांनी मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी सापडल्या. त्यांतल्या पेशी मुलाच्या नव्हत्या, दात्यांच्या होत्या.

पाऊलवाट

पण ज्याच्यापुढे काहीच पर्याय नाही, त्याने जोखीम पत्करायची ठरवली तर अडवणारे आपण कोण?

निरंजन_व

@पाऊलवाट, जोखीम पत्करायला हरकत नाही, ती काय आहे हे त्याला कळलं असेल तर. 'गमवायला काहीच नाही' हे चुकीचं आहे. आधी कुठला पेशी-उपचार घेतलेला असेल, तर अनेक खऱ्या चाचण्यांत प्रवेशच मिळत नाही, कारण निकाल कशामुळे आला ते सांगता येत नाही. परक्या पेशी टोचल्या तर शरीर एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि पुढे मूत्रपिंड किंवा मज्जा हवी असेल तेव्हा जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडूनच पूर्ण शुल्क घेत असतील, तर ती चाचणी आहे की विक्री हे विचारायला हवं.

केतकी_स

खूप शिकायला मिळालं. मूळ प्रश्नाकडे येते. गार्गी म्हणाल्या तसं उत्तर लाइनवर अवलंबून असेल, तर रुग्णाला ती कळणार कशी? संमतीपत्रात बरेचदा 'दाता-पेशी' एवढंच असतं.

सूक्ष्मदर्शी

उत्पादनाच्या नावावरून कळत नाही. छापून आलेल्या निबंधाच्या पद्धतींच्या विभागात लाइनचं नाव असतं. चाचणीच्या डॉक्टरांकडे असलेल्या माहितीपुस्तिकेतही ते असतं, आणि विचारायचा हक्क आहे. एच१, एच९ किंवा एचयूईएस असं काही दिसलं तर भ्रूणपेशी. नाव हाती आलं की युरोपातून चालणाऱ्या एचईएससीरेग या नोंदवहीत बघा. तिथे नोंदलेल्या लाइनचा उगम आणि दात्यांच्या संमतीची माहिती मिळते.

त्याचबरोबर आणखी विचारा. तयार मात्रेत न बदललेल्या मूलपेशी किती राहू शकतात आणि ते कोणत्या चाचणीने मोजलं? कारण त्यांच्यापासूनच टेराटोमाच्या गाठी होतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किती काळ? एच९च्या त्या चाचणीत वर्षभर होती. पाहणी किती वर्षं? आणि तुलनेसाठी नकली शस्त्रक्रियेचा, म्हणजे पेशी न सोडता फक्त शस्त्रक्रिया केलेला गट असेल का?

हा शेवटचा प्रश्न गंभीर आहे. २००१ मध्ये छापलेल्या, मेंदूत गर्भातली ऊती बसवण्याच्या पार्किन्सनच्या चाचणीत ४० रुग्ण होते. निम्म्यांच्या कवटीला भोकं पाडली, पण मेंदूचं आवरण न भेदता. ज्यांना खरी ऊती मिळाली त्या प्रत्येकासाठी चार गर्भांतली ऊती लागली होती. पुढे ऊती मिळालेल्या ३३ जणांपैकी सुमारे १५ टक्क्यांना औषध थांबवूनही न थांबणाऱ्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या. नकली गट नसता तर या उपचाराबद्दल नुसती आशाच पसरली असती. म्हणून मी त्या गटाच्या बाजूने आहे, फक्त तो असल्याचं आधी सांगितलेलं हवं. आणि मुक्तछंद, हेही लक्षात घ्या की एका लाइनमुळे 'प्रत्येक रुग्णामागे चार गर्भ' ही गरज संपली.

मुक्तछंद

हा शेवटचा मुद्दा मी मान्य करतो, वजनदार आहे. तरीही दोन उपचार सारखेच चालत असतील तर मी आयपीएसचा सुचवेन, वाट बघावी लागली तरी. फक्त भ्रूणपेशींचाच चालत असेल, तर रुग्णाला दोष देणार नाही. माझा आक्षेप ज्यांनी पर्याय शोधला नाही त्यांच्यावर.

एक मागणी मात्र ठाम : उगम संमतीपत्रात सोप्या भाषेत लिहिलेला असावा. 'या पेशी अमुक साली आयव्हीएफमध्ये उरलेल्या, जोडप्याने संशोधनासाठी दिलेल्या भ्रूणापासून काढलेल्या लाइनच्या आहेत. पेशी काढताना तो भ्रूण नष्ट झाला.' एवढी दोन वाक्यं.

अश्विनी_द

पाठिंबा. ही दोन वाक्यं पहिल्या भेटीच्या कागदात हवीत. कवटीचा एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, भेटींच्या तारखा हे सगळं झाल्यावर कळलं तर नाही म्हणायची ताकद कुणातच उरत नाही.

निरंजन_व

आणि तिसरं वाक्य : 'या कारणावरून नकार दिल्यास तुमच्या नेहमीच्या उपचारावर काहीही परिणाम होणार नाही.' ते डॉक्टरांनी तोंडीही सांगायला हवं, नातेवाईक खोलीत नसताना.